सय्यद मसूदचा पेंच

साबण आणि नाटक यांचा परस्परांशीं संबंध काय, असा प्रश्न ‘सोप ऑपेरा’ हा शब्द प्रथमच कानीं पडणाऱ्यास पडल्यावांचून राहत नाहीं. त्याचें उत्तर नभोवाणीच्याच इतिहासांत आहे. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील नभोवाणीवर दुपारच्या वेळीं घरगुती कथानकांच्या मालिका सुरू झाल्या. घरकाम करतां करतां गृहिणींनीं त्या ऐकाव्या आणि मध्यें मध्यें साबणाची महती त्यांच्या कानांवर पडावी, या हेतूनें साबणाच्या कारखानदारांनीं त्यांचा खर्च सोसला. १९३३ सालीं सुरू झालेली ‘मा पर्किन्स’ ही मालिका कपडे धुण्याच्या एका चूर्णाच्या पैशावर चालली. थट्टेनें पडलेलें नांव पुढें रूढ झालें, आणि दूरचित्रवाणी आल्यावर तेंच नांव तिकडे गेलें.

या वाङ्मयप्रकाराकडे विद्वान् लोक नाक मुरडून पाहतात. पण त्याचें एक सामर्थ्य नाकारतां येत नाहीं. नाटकाचा पडदा तीन तासांनीं पडतो. कादंबरी शेवटच्या पानावर संपते. मालिकेंतील माणूस मात्र आठवड्यामागून आठवडे, वर्षामागून वर्षें प्रेक्षकाच्या घरांत येत राहतो. तो हळूहळू शेजारी होतो. अनोळखी माणसाचें दुःख ऐकून जो मान फिरवितो, तोच शेजाऱ्याचें दुःख ऐकावयास थांबतो. सय्यद मसूद या कल्पित तरुणाची गोष्ट इंग्लंडांत इतक्या लोकांनीं कां मनावर घेतली, याचें मर्म येथें आहे.

बी. बी. सी. ची ‘ईस्टएंडर्स’ ही मालिका १९ फेब्रुवारी १९८५ रोजीं सुरू झाली. लंडनच्या पूर्व भागांतील वॉलफर्ड नांवाची एक काल्पनिक वस्ती, तींतील अल्बर्ट स्क्वेअर हा चौक, चौकांतील मद्यगृह, बाजार, धुलाईघर, आणि तेथें राहणारीं कष्टकरी कुटुंबें, एवढाच तिचा संसार. खऱ्या लंडनच्या पूर्व भागांत दक्षिण आशियांतून आलेल्या लोकांची वस्ती मोठी आहे. २००७ सालीं या चौकांत मसूद हें पाकिस्तानी वंशाचें मुसलमान कुटुंब राहावयास आलें. बाप मसूद टपाल वाटणारा, स्वभावानें सौम्य आणि विनोदी. आई झैनब तोंडानें तिखट, हिशेबाला पक्की, आणि चारचौघांत आपल्या घराचें नांव राखण्याविषयीं अत्यंत दक्ष. शबनम ही मुलगी आणि तमवर हा अभ्यासू मुलगा अशीं त्यांचीं मुलें प्रेक्षकांस प्रथम दिसलीं. झैनबची भूमिका करणाऱ्या नीना वाडिया यांचा जन्म १९६८ सालीं मुंबईंत एका पारशी कुटुंबांत झाला. आपल्याकडील कोणत्याही आळींत भेटेल अशी ती आई लंडनच्या पडद्यावर इतकी जिवंत वाटली, यांत या मुंबईच्या कन्येचा वांटा मोठा आहे.

या घराचा थोरला मुलगा सय्यद २००९ सालीं घरीं परत आला. पैशाच्या एका प्रकरणावरून तो पूर्वीं घराला दुरावला होता. म्हणून परत येतांना मनाशीं त्याचा एकच निश्चय होता, कीं आतां आईबापांचा मान राखावयाचा. तो देखणा होता, गोड बोलणारा होता, आणि श्रद्धाळू होता. अमीरा नांवाची सुस्थितींतील घरची सुंदर मुलगी त्याला पसंत पडली होती. आईच्या आनंदाला पारावार राहिला नाहीं. हरवलेला मुलगा सांपडला, आणि त्याच्याबरोबर सूनही येणार!

आणि याच वेळीं त्याची गांठ ख्रिश्चन क्लार्क या तरुणाशीं पडली. ख्रिश्चन हें येथें धर्माचें नव्हे, त्या माणसाचें नांव आहे. तो व्यायामाचें शिक्षण देणारा, मोकळ्या वृत्तीचा, आणि आपलें प्रेम पुरुषांवरच जडतें हें कोणापासूनही न लपविणारा होता. २००९ च्या जून महिन्यांत या दोघांचें परस्परांवरील प्रेम पडद्यावर उघड झालें. सय्यदला त्या दिवसापासून दोन आयुष्यें जगावीं लागलीं. एका आयुष्यांत तो आज्ञाधारक मुलगा आणि वाग्दत्त वर होता; दुसऱ्यांत तो स्वतः होता.

येथें त्याचा पेंच नीट समजून घेतला पाहिजे. तो घराला कंटाळलेला बंडखोर नव्हता. त्याला आई हवी होती, बाप हवा होता, ईदच्या दिवशींचें भरलेलें घर हवें होतें, आणि नमाजही हवा होता. इस्लामच्या परंपरागत धर्मपंडितांचें मत समलिंगी संबंधांच्या विरुद्ध आहे, हें तो जाणून होता. त्यामुळें बाहेरच्या कोणी त्याला दोष देण्यापूर्वीं तोच स्वतःला दोष देत होता. लोकांच्या निंदेपासून माणूस दूर पळून जाऊं शकतो. पण स्वतःच्या मनांतील न्यायाधीशापासून तो कोठें पळणार?

१ जानेवारी २०१० रोजीं दाखविलेल्या भागांत सय्यद आणि अमीरा यांचा विवाह झाला. त्या विवाहाच्या सुमारास झैनबला सारें रहस्य कळलें. तिनें काय करावें? तिनें तें पोटांत ठेवलें. लग्न झालें कीं सर्व ठीक होईल, हें जगांतील असंख्य आयांनीं स्वतःची समजूत घालण्यासाठीं वापरलेलें औषध तिनेंही वापरलें. तिच्या क्रोधाच्या मुळाशीं द्वेषापेक्षां भय अधिक होतें. मशिदींतील लोक काय म्हणतील, नातेवाईक काय म्हणतील, परक्या देशांत एवढ्या कष्टानें उभें केलेलें घर कोणाच्या तोंडीं पडेल, हें तें भय. लेखकांनीं तिला राक्षसी केलें नाहीं, यांतच त्यांचें खरें शहाणपण दिसतें. तिचें वागणें चुकलें. पण तें कां चुकलें हें प्रत्येक प्रेक्षकाला समजलें.

त्या चुकीची किंमत मात्र तिसऱ्याच व्यक्तीला द्यावी लागली. अमीरानें कोणाचें काय वाईट केलें होतें? तिनें एका तरुणावर विश्वास ठेवला, त्याच्याबरोबर संसार मांडला, आणि आपणांत कांहीं उणें आहे कीं काय म्हणून ती रात्रंदिवस झुरत राहिली. ज्या घराचा मान राखण्यासाठीं हें सत्य दडपलें गेलें, त्या घराच्या मानाखालीं एक निरपराध मुलगी भरडली गेली. सत्य कळतांच ती निघून गेली. ‘लग्न करून टाका म्हणजे सुधारेल’ असा सल्ला सहज देणाऱ्यांनीं सय्यदकडे पाहण्याआधीं या अमीराकडे पाहावें.

पुढें २०१० सालींच सय्यदनें कुटुंबापुढें सत्य सांगितलें. जो बाप सौम्य म्हणून सर्वांना प्रिय होता, त्याचेंच दार त्याच्यापुढें बंद झालें. स्वतःला उपचारानें ‘बदलून’ घेण्याचाही प्रयत्न त्यानें केला आणि तोही फसला. कारण जो रोगच नव्हे त्यावर औषध कसें लागू पडणार? जागतिक आरोग्य संघटनेनें १९९० सालींच समलिंगी प्रेमाला रोगांच्या यादींतून वगळलें होतें. अखेर त्यानें ख्रिश्चनबरोबर उघडपणें राहण्याचें ठरविलें. अमीरा पुढें परतली ती यास्मीन या लहानग्या मुलीला घेऊन, आणि सय्यदला आपण बाप झाल्याचें कळलें. घराशीं त्याचे संबंध एका दिवसांत जुळले नाहींत. ते अडखळत, रुसत, भांडत जुळत गेले. २०१२ च्या नोव्हेंबरांत सय्यद, ख्रिश्चन आणि ती मुलगी असे तिघे चौक सोडून नव्या आयुष्यासाठीं निघून गेले.

या मालिकेनें असा विषय हातीं घेण्याची ही पहिलीच वेळ नव्हती. १९८६ सालीं तिच्यांत कॉलिन नांवाचें समलिंगी पात्र आलें. १९८७ सालीं कॉलिननें आपल्या मित्राच्या केवळ कपाळाचें चुंबन घेतलें, तरी वृत्तपत्रांतून मोठी ओरड झाली. दुसऱ्याच वर्षीं, १९८८ सालीं, स्थानिक संस्थांनीं समलिंगी वृत्तीस उत्तेजन देऊं नये असा कायदा ब्रिटिश पार्लमेंटनें केला. इंग्लंडांत तो २००३ सालीं रद्द झाला. कॉलिनची भूमिका करणारे मायकेल कॅशमन पुढें युरोपीय पार्लमेंटचे सभासद झाले आणि २०१४ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्समध्यें बसले. एका पात्राच्या कपाळावरील चुंबनापासून येथवरचा हा प्रवास एका पिढींत घडला.

आपल्या देशाचाही या कथेशीं एक विलक्षण धागा जुळतो. असल्या संबंधांस शिक्षा सांगणारें ३७७ वें कलम इंग्रज राज्यकर्त्यांनीं १८६० च्या दंडसंहितेंत घातलें. खुद्द इंग्लंडनें आपला तसला कायदा १९६७ सालीं सैल केला. येथें मात्र त्यांचें कलम त्यांच्या मागें राहिलें. सय्यदची कथा लंडनमध्यें ऐन रंगांत आली असतां, २ जुलै २००९ रोजीं, दिल्लीच्या उच्च न्यायालयानें प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतें तें कलम अवैध ठरविलें. २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय फिरविला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजीं त्याच न्यायालयानें अशा संबंधांस गुन्ह्यांतून कायमचें मुक्त केलें. विवाहाचा हक्क मात्र २०२३ च्या निकालानें मिळाला नाहीं.

मराठी मनालाही हा विषय सर्वस्वीं परका नाहीं. र. धों. कर्वे यांनीं १९२७ सालीं सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकांतून, लोकांचे शिव्याशाप सोसून, कामजीवनाविषयींचे प्रश्न निर्भयपणें मांडले. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकाची नायिका स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री आहे. सचिन कुंडलकर यांच्या २००६ सालच्या ‘कोबाल्ट ब्लू’ या कादंबरींत तर एकाच पुरुषावर भाऊ आणि बहीण अशा दोघांचेंही मन जडतें. म्हणजे सय्यदचें घर मुसलमानाचें होतें म्हणून हा पेंच पडला, असें म्हणून सुटका करून घेणें खोटें होईल. नांवें बदला, प्रार्थनेची भाषा बदला. तें घर पुण्याच्या पेठेंत किंवा कोंकणांतल्या वाडींत सहज बसेल.

तेव्हां कुटुंब मोठें कीं प्रेम मोठें, असा प्रश्न शेवटीं उरतो. पण सय्यदची कथा लक्षपूर्वक पाहिली तर हा प्रश्नच चुकीच्या माणसाला विचारला गेला असें दिसून येईल. सय्यदनें कुटुंब सोडण्याची इच्छा कधींच धरली नव्हती. एका हाताशीं आई आणि दुसऱ्या हाताशीं ख्रिश्चन, दोन्ही हात धरून ठेवण्याचीच त्याची धडपड होती. दोहोंपैकीं एक हात सोड, अशी अट त्याला घालण्यांत आली. निवड करावयाची होती ती अट घालणाऱ्यांनीं : मुलगा हवा, कीं मुलाविषयीं मनांत रंगविलेलें चित्र हवें?

सय्यदचाही दोष लहान नव्हता. सत्य सांगण्याचें धैर्य त्याला अमीराचा संसार मोडल्यावर आलें. आधीं आलें असतें तर दुःख एकाचें झालें असतें, तें अनेकांचें झालें. परंतु खरें बोलणाऱ्याला घराबाहेर काढावयाचें आणि खोटें बोलणाऱ्याला पंक्तींत मानाचें पान मांडावयाचें, असा जेथें रिवाज असतो, तेथें मुलें खोटें बोलावयास शिकतात. हा दोष एकट्या मुलांचा कसा म्हणावा?

झैनबनें मुलाकडे पुन्हा मुलगा म्हणून पाहावयास वेळ लावला, पण शेवटीं पाहिलें. घराचा मान दारांतून बाहेर गेलेल्यांच्या संख्येनें वाढत नाहीं. रात्रीं दिवा मालविण्यापूर्वीं आई जेव्हां घरांतलीं माणसें मनाशीं मोजते, तेव्हां एक जरी कमी भरला तरी तिला झोंप येत नाहीं. ती मोजदाद पुरी व्हावी एवढीच या कथेची इच्छा आहे.