पुरापूर्वीची तयारी



पुरातून सावरण्याची सुरुवात पुरापूर्वीच होते.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात अतिवृष्टी झाली,
अंबाझरी तलाव सांडव्यावरून, म्हणजे जादा पाणी वाहून जाण्याच्या वाटेवरून, ओसंडला
आणि नागनदीकाठच्या वस्त्यांचे तळमजले पाण्याखाली गेले.

आपत्ती प्रतिसाद दलांनी आणि लष्कराने अडकलेल्यांना बाहेर काढले;
परंतु त्यानंतरचा गाळ उपसणे आणि पंचनामा, म्हणजे नुकसानीची सरकारी नोंद, करून घेणे
ही कामे शेजाऱ्यांच्या एकजुटीने सुकर होतात.

म्हणून एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी,
आसऱ्यासाठी वरच्या मजल्यावरचे घर
आणि कागदपत्रांसाठी उंचावरची जागा
पावसाळ्याआधीच ठरलेली असावी.

पुन्हा लक्षात असू द्यावे:
सावरण्याची सुरुवात पुरापूर्वीच होते.