सुटींतील वाचन : पुस्तकें निवडावीं कशीं ?



वार्षिक परीक्षा संपल्या, आणि बहुतेक मराठी शाळांना आतां जूनच्या मध्यापर्यंत सुटी आहे. अशा वेळीं पुण्यांतील सुशिक्षित घरांत दोन प्रश्न हटकून निघतात. यंदा गांवाला कधीं जावयाचें, हा पहिला. आणि मुलांनीं सुटींत काय वाचावें, हा दुसरा. पहिला प्रश्न घरांतील लहानथोर मंडळी एकत्र बसून सोडवितात. दुसरा मात्र वडील माणसें परस्पर सोडवून टाकतात, आणि बहुधा तो चुकीचा सुटतो. ह्या दुसऱ्या प्रश्नाविषयीं आज चार शब्द आपणांपुढें ठेवावे असा माझा विचार आहे.

तो चुकीचा सुटतो असें मी कां म्हणतों ? आपण मुलाच्या हातीं पुस्तक देतों तें वैद्यानें काढा द्यावा तसें देतों. त्यापासून गुण काय येईल, एवढेंच पाहतों. सामान्यज्ञानाचें एक, यशस्वी कसें व्हावें हें सांगणारें एक, आणि थोर पुरुषांचीं दोन चरित्रें, अशी आपली यादी असते. रोज दहा पानें वाचावयाचीं आणि आठवड्याच्या शेवटीं सारांश लिहून दाखवावयाचा, असा नियमही त्याला आपण जोडतों. मूल तें सारें निमूटपणें करतें. पण शाळा बंद झाली तरी शाळेंतून आपली सुटका झालेली नाहीं, एवढा बोध त्यांतून तें घेतें. त्याच्या हाताशीं आज मोबाईल आहे. त्या झगमगत्या पडद्याशीं काढ्याच्या पेल्यानें स्पर्धा करावी, ही अपेक्षाच व्यर्थ होय.

ह्यांत आणखी एक धोका आहे, आणि तो मला अधिक वाटतो. आपल्यापैकीं अनेक घरांतील मुलें आज इंग्रजी माध्यमांतून शिकतात. मराठी तीं उत्तम बोलतात. परंतु छापील मराठी पान समोर आलें कीं त्यांचा वेग मंदावतो, जोडाक्षरांशीं अडखळतात, आणि अडखळण्याची लाज वाटून पुस्तक मिटतात. अशा मुलास सुटींत दिलेलें पहिलेंच मराठी पुस्तक रुक्ष निघालें, तर तें ‘हें पुस्तक कंटाळवाणें आहे’ असें म्हणत नाहीं. ‘मराठी पुस्तकें कंटाळवाणीं असतात’ असें म्हणतें, आणि आजोबांच्या सबंध कपाटावर कायमचा पडदा टाकतें. म्हणून सुटींतील पुस्तकाची निवड ही वाटते तेवढी किरकोळ बाब नाहीं.

तेव्हां माझें पहिलें सांगणें असें कीं, सुटींतल्या पुस्तकाला पहिली कसोटी आनंदाची लावावी. तें वाचावेंसें वाटलें पाहिजे. हें ऐकून कांहीं गंभीर प्रकृतीच्या श्रोत्यांच्या कपाळावर आठ्या चढतील. आनंद म्हणजे उथळपणा, अशी त्यांची समजूत असते. त्यांनीं आपल्याच शहराचा इतिहास आठवावा. हरि नारायण आपट्यांनीं १८९० सालीं पुण्यांत एक साप्ताहिक काढलें. त्याचें नांव त्यांनीं ‘ज्ञानदीप’ किंवा ‘सुधारणा’ असें कांहीं ठेवलें नाहीं. ‘करमणूक’ असें ठेवलें. आणि ह्या ‘करमणुकी’च्या अंकांतूनच ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः लोकांच्या घरांत गेली. यमू नांवाच्या मुलीनें स्वतःच्या तोंडानें सांगितलेली ती हकीकत म्हणजे बालविवाहाच्या आणि वैधव्याच्या दुःखाची हकीकत. पुढील अंकाची वाट पाहावयास लावून हरिभाऊंनीं वाचकांना तो विचार करावयास लावला. गोडी आणि गांभीर्य ह्यांचें वैर नाहीं, हें ह्या शहरानें सव्वाशें वर्षांपूर्वींच पाहिलेलें आहे.

दुसरें सांगणें असें कीं, आनंद एकाच जातीचा नसतो. वाचनाचा कंटाळा आला असें जो म्हणतो, त्याला पुष्कळदां एकाच जातीच्या पुस्तकांचा कंटाळा आलेला असतो. सहा आठवड्यांकरितां पांच-सहाच पुस्तकें घ्यावीं. परंतु तीं पांच-सहा प्रकारचीं असावींत. आणि तीं निवडतांना, हें पुस्तक घरांतील कोण, कोठें, कोणत्या वेळीं वाचणार, हें डोळ्यांपुढें आणावें. एकच पुस्तक दुपारीं रमवितें आणि रात्रीं जड होतें. कसें तें थोडक्यांत सांगतों.

प्रवासापासून आरंभ करूं. पुण्याहून कोंकणांत एस. टी.नें जातांना घाट लागला कीं पुस्तक मिटावें लागतें, स्थानक आलें कीं पिशव्या मोजाव्या लागतात. अशा वेळीं हातीं प्रवासवर्णनच असावें. तें मधेंच थांबवितां येतें आणि कोठूनही पुन्हां धरतां येतें. पेणजवळच्या वरसई गांवचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं दक्षिणा मिळवून घरचें कर्ज फेडावें म्हणून काकांबरोबर उत्तरेकडे निघाले, आणि ऐन बंडाच्या धामधुमींत सांपडले. झांशीला वेढा पडला तेव्हां हे गृहस्थ शहरांतच होते. त्यांनीं लिहिलेला ‘माझा प्रवास’ भारताचार्य चिंतामणराव वैद्य ह्यांनीं १९०७ सालीं प्रथम प्रसिद्ध केला. तोफांचे गोळे, लूट, उपासमार आणि त्यांतूनही खांद्यावर घरीं आणलेली गंगेची कावड, हें सारें एका साध्या भिक्षुकाच्या नजरेनें त्यांत दिसतें. कथेंतला नायक अडचणींत पडावा लागतो. येथें तर लेखकच पडलेला आहे. गोमंतकाकडे जाणारांनीं धर्मानंद कोसंबींचें ‘निवेदन’ बरोबर घ्यावें. ज्ञानाच्या ओढीनें गोव्यांतील घर सोडून पुणें, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप अशी वणवण केलेल्या आणि पुढें फर्ग्युसन कॉलेजांत पाली शिकविलेल्या ह्या पुरुषाची ती स्वतः सांगितलेली हकीकत आहे.

आतां दुपार. वैशाखांतील दुपार लांब असते, बाहेर पडवत नाहीं, घर निजलेलें असतें. ही वेळ कादंबरीची. परंतु जाडी पाहून कादंबरी निवडूं नये. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची ‘बनगरवाडी’ दोन दुपारींत वाचून होईल एवढी लहान आहे. धनगरांच्या आडगांवीं नेमणूक झालेला एक तरुण शिक्षक, वाडींतील माणसें, मेंढरें आणि शेवटीं पडणारा दुष्काळ, एवढाच तिचा व्याप; पण शब्द इतके साधे आणि वाक्यें इतकीं आंखूड आहेत कीं, मराठी पान पाहून बिचकणाऱ्या मोठ्या मुलालाही ती आटोक्यांतली वाटावी. त्याहून लहान मुलांना भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे द्यावा. फुरसुंगीचा हा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनांत शिकतो, सायकल दामटतो आणि नको तेथें नाक खुपसून मोठमोठ्या भामट्यांचें बिंग फोडतो. आपल्या ओळखीच्या रस्त्यांवर साहस घडूं शकतें, हें मुलांना कळलें म्हणजे त्यांना पुस्तक वाचावयास सांगावें लागत नाहीं; जेवावयास हांका मात्र माराव्या लागतात.

संध्याकाळीं दिवेलागणीनंतर घरांतील सर्वजण एकत्र असतात. ही वेळ मोठ्यानें वाचण्याची. मघां सांगितलेल्या अडखळणाऱ्या मुलावर ह्यासारखा उपाय नाहीं. भाषा त्याच्या कानाला ठाऊक आहे, अडचण केवळ डोळ्यांची आहे. त्याच्याशेजारीं बसून आपण वाचावें, त्यानें पानावर नजर ठेवावी. चार दिवसांनीं एखाद्या पात्राचीं वाक्यें त्याच्याकडे सोंपवावींत. ह्या कामीं चिं. वि. जोशी ह्यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ फार उपयोगी पडतात. बडोद्याला पालीचे प्राध्यापक असलेल्या ह्या लेखकानें मध्यमवर्गीय पुणेरी संसाराची फजिती इतक्या शांतपणें सांगितली आहे कीं, वाचणाराला हंसूं आवरून पुढें जाणें कठीण होतें. घरांतील स्त्रियांना व वडील मंडळींना लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ वाचून दाखवावीं. १९३४ सालापासून भागाभागांनीं निघालेलें हें आत्मचरित्र आहे. वडिलांचें टोकाचें सोंवळें, कविवर्य टिळकांसारख्या लहरी नवऱ्याचा संसार, त्यांच्या धर्मांतरानें आलेली ताटातूट, असे दुःखाचे प्रसंग पानोपानीं आहेत. आणि तरी त्यांतील हास्य मावळत नाहीं. शाळेंत बसून न शिकलेल्या बाईची ती बोलती भाषा आहे. ती डोळ्यांपेक्षां कानांनीं अधिक कळते.

रात्रीं मुलांना भीति आणि नवल हवें असतें. तें त्यांना मिळूं द्यावें. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा एके काळीं महाराष्ट्रांतील मुलांनीं पाठ्यपुस्तकांत लपवून वाचल्या, आणि त्यांतूनच कित्येकांना वाचनाचा चटका लागला. त्यांपेक्षां वरचढ कांहीं हवें असल्यास जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा विज्ञानकथांचा संग्रह घ्यावा. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठीं पहिली कथा पाठवितांना आपल्या नांवाचें वजन परीक्षकांवर पडूं नये म्हणून ह्या शास्त्रज्ञानें नारायण विनायक जगताप असें नांव घेतलें होतें. स्वतःच्या नांवाचीं आद्याक्षरें त्यानें उलटीं केलीं होतीं. कथा पसंत पडली ती कथा म्हणून. ज्यांनीं आपल्या पुण्यांत आयुका ही संस्था उभारली ते नारळीकर २०२५ सालच्या मे महिन्यांत निवर्तले. गच्चीवर अंथरुणें टाकून निजणाऱ्या मुलांनीं त्यांची एक कथा वाचून मग आकाशाकडे पाहावें.

राहिली सकाळ. सकाळीं अर्ध्या घटकेचें वाचन पुरे. त्यासाठीं कविता किंवा ललित निबंध असावा. दुर्गाबाई भागवतांचें १९५६ सालचें ‘ऋतुचक्र’ बारा महिन्यांवर लिहिलेलें आहे. सुटींत तें सबंध वाचण्याचा हट्ट धरूं नये. चैत्र, वैशाख आणि ज्येष्ठ एवढेच वाचावे, आणि वाचलेलें खिडकींतून ताडून पाहावें. बाकीचे महिने त्या त्या महिन्यांत आपण होऊन बोलावतील. कवितांमध्यें बहिणाबाई चौधरींचीं गाणीं घ्यावीं. खानदेशांतील ह्या शेतकरी बाईंना लिहितांवाचतां येत नव्हतें. घरच्या माणसांनीं टिपून ठेवलेलीं त्यांचीं गाणीं त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ सालीं पुस्तकरूपानें निघालीं. छापील अक्षराशीं संबंध नसलेल्या ओठांतून किती समृद्ध मराठी येऊं शकतें, हें मुलांना त्यांवरून कळेल.

ही झाली नांवांची गोष्ट. नांवें आपण आपल्या आवडीप्रमाणें बदलावींत. निवडीची रीत मात्र सांगून ठेवतों. पुस्तकें विकत घेण्यापूर्वीं मुलाला घेऊन ग्रंथालयांत जावें. पुणें नगर वाचन मंदिराची स्थापना १८४८ सालची आहे. इतक्या जुन्या ग्रंथालयाच्या गांवांत राहून ज्या मुलानें ग्रंथालयाची पायरी चढलेली नाहीं, त्याच्या वडिलांना ह्याचें थोडें वाईट वाटावें. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकच्या पलीकडे गेलें नाहीं. त्यापुढें जें कांहीं पदरीं पडलें तें मासिक वर्गणी भरून आणलेल्या पुस्तकांतून पडलें. म्हणून हें थोडें आग्रहानें बोलतों. कपाटापुढें मुलाला मोकळें सोडावें. पुस्तक मधेंच कोठें तरी उघडून एक पान वाचावें, असें त्यास सांगावें. कारण पहिलें पान बहुतेक लेखक नटवून लिहितात. पांचांपैकीं तीन पुस्तकें त्याच्या पसंतीचीं, एक आपल्या पसंतीचें, आणि एक सर्वांनीं मिळून वाचावयाचें, असा वांटा ठेवावा.

वीस-पंचवीस पानें वाचूनही मन लागलें नाहीं, तर पुस्तक खालीं ठेवण्याची त्याला मुभा असावी. नको असलेलें पुस्तक शेवटपर्यंत वाचावयास लावणें म्हणजे पुढील दहा पुस्तकें त्याच्यापासून दूर नेणें होय. आणि सारांश मागूं नये. छत्तीस वर्षें वर्गांत निबंध तपासलेला मनुष्य हें सांगत आहे, ह्याची श्रोत्यांनीं नोंद घ्यावी. वाचलेल्या पुस्तकाविषयीं मूल आपण होऊन जेवतांना बोलूं लागलें, तर ऐकावें. न बोललें, तर पुस्तक त्याच्याजवळ राहूं द्यावें. शेवटचें आणि सर्वांत अवघड काम वडील माणसांचें आहे. मुलानें वाचावें असें ज्यांना वाटतें त्यांनीं स्वतः त्याच खोलींत पुस्तक घेऊन बसलें पाहिजे. बाप मोबाईल पाहत आहे आणि मुलाला वाचनाचे फायदे सांगत आहे, हा देखावा हल्लीं बराच दिसतो. त्याचा परिणाम काय होतो तें मीं सांगावयास नको.

जूनमध्यें अप्पा बळवंत चौकांत पाठ्यपुस्तकें आणि मार्गदर्शकें घेण्यासाठीं आपण सर्वजण गर्दी करणारच आहों. ती गर्दी सुरू होण्यापूर्वीं एकदां, वेळ काढून, मुलांना घेऊन ज्या पुस्तकांवर परीक्षा नाहीं अशा पुस्तकांकडे जावें, एवढीच माझी विनंति आहे. सुटी संपल्यावर त्यांना किती पुस्तकें वाचलीं हें विचारूं नये. शाळा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारीं तीं आपण होऊन ग्रंथालयांत चला म्हणालीं, म्हणजे सुटी सत्कारणीं लागली असें समजावें.