मागच्या काचेचा स्विच
(चालक महिलांच्या शिबिरातील भाषण)



गाडी शिकवताना आपल्याला क्लच, ब्रेक, गिअर शिकवतात. बॉनेट मात्र उघडून दाखवत नाहीत. 'ते गॅरेजवाला बघेल' म्हणतात. यंत्र वापरायचं बाईनं आणि समजून घ्यायचं पुरुषानं, ही वाटणी निसर्गानं केलेली नाही. पावसात काच पुसणाऱ्या वायपरचं पेटंट १९०३ साली अमेरिकेत मेरी अँडरसन या बाईनंच घेतलं होतं.

आज एकच लहान गोष्ट घेऊ. पावसाळ्यात आतल्या दमट हवेनं मागची काच धुरकटते. तिच्यावरच्या बारीक आडव्या रेषांतून वीज गेली की त्या तापतात आणि काच स्वच्छ होते. हा डिफॉगर. तो बंद असेल तर घाटात मागून येणारा ट्रक दिसत नाही. गॅरेजात मात्र लगेच ऐकवतात, 'ताई, काचच बदलावी लागेल.' जिचं पोट गाडीवर आहे, तिची यात काही दिवसांची कमाई जाते. फ्यूज किंवा स्विच त्यामानानं स्वस्त. म्हणून आधी तपासायचं.

गाडी मोकळ्या जागी उभी करून इंजिन चालू करा. पुष्कळ गाड्यांत डिफॉगर त्याशिवाय चालतच नाही. स्विच दाबा. त्यावरचा दिवा लागतो का पाहा. पाच-दहा मिनिटांनी काचेला हात लावा, कोमट लागते का? नसेल तर इंजिन बंद करून आधी फ्यूज पाहा.

फ्यूज शाबूत असेल तर चावी काढून स्विच बाहेर घ्या, प्लग सोडवा. मल्टिमीटर ओहमवर लावून स्विचच्या, वायरिंगच्या नकाशात दाखवलेल्या दोन टोकांना टेकवा. दाबल्यावर आकडा शून्याजवळ आला आणि सोडल्यावर, किंवा बंद केल्यावर, जोड तुटला, तर स्विच ठीक आहे. दोष रिले, वायर किंवा काचेवरच्या रेषांत शोधायचा. दाबूनही जोड होत नसेल तर स्विच गेला. स्विच ठीक निघाला, तरी काचेची एखादी तुटलेली रेष खास रंगानं जोडता येते. त्यासाठी अख्खी काच बदलायची गरज नसते.

एक सावधगिरी: एअरबॅगच्या पिवळ्या प्लगांना हात लावू नका. आणि नव्या गाड्यांत स्विच फक्त कंप्युटरला इशारा देतो. तिथे बल्बचा टेस्टर नको, मीटरच वापरा.

यातून आपण सगळ्या मेकॅनिक होणार नाही, व्हायलाही नको. पण गॅरेजात उभ्या राहिल्यावर मिस्त्री आपल्याला सोडून सोबतच्या भावाशी, नवऱ्याशी बोलतो ना, तेव्हा आपण विचारायचं: 'स्विच मीटरवर तपासला का? काय दाखवलं?' बदललेला जुना भाग परत मागायचा. बिलावर प्रत्येक भाग वेगळा लिहून घ्यायचा.

प्रश्न विचारणारी बाई लोकांना खटकते. खटकू द्या. पैसे आपले आहेत, आणि रस्त्यावरचा जीवही आपलाच आहे.

चला, आता प्रत्येकीनं मीटर हातात घ्या.