हळदीतलं शिसं आणि आमचा अभ्यास
(मंडळाच्या युवा मेळाव्यात केलेले भाषण)



"एन्व्हायर्नमेंटल सायन्स अँड पॉलिसी म्हणजे नक्की काय गं? झाडं लावतेस का?" दर गणपतीला मला हा प्रश्न येतो. आज माईक हातात आहे, तर एक गोष्टच सांगते.

बांगलादेशातल्या खेड्यांत गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडलं. आसपास कारखाना नाही, मग आलं कुठून? संशोधकांनी माती, भांडी, धान्य, मसाले सगळं तपासलं. शिशाचे आयसोटोप जुळवले आणि माग थेट हळदीपर्यंत पोचला! 1980 च्या दशकात पुरानं हळकुंडं काळवंडली, तेव्हा ती पिवळीधमक दिसावीत म्हणून लेड क्रोमेट चोळायची पद्धत पडली होती. हे 2019 मध्ये प्रसिद्ध झालं.

इथवर सायन्स. पण नुसता पेपर छापून कुणाच्या फोडणीतलं शिसं जात नाही. सरकारनं वर्तमानपत्रांतून इशारे दिले, घाऊक बाजारात यंत्र नेऊन हळद तपासली, व्यापाऱ्यांना दंड केला. 2019 मध्ये बाजारातल्या 47 टक्के नमुन्यांत शिसं होतं, 2021 मध्ये एकातही नाही. ही पॉलिसी!

दरवेळी इतक्या झटपट होत नाही हो. पेट्रोलमधल्या शिशाबद्दल क्लेअर पॅटरसननं 1965 मध्ये सावध केलं होतं. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी पूर्ण बंदी यायला 1996 उजाडलं. अल्जीरियात तर 2021. म्हणून आम्हाला रसायनशास्त्राबरोबर कायदा, अर्थशास्त्र आणि (नको नको होईपर्यंत) स्टॅटिस्टिक्स शिकावं लागतं.

आता पालकांच्या मनातला प्रश्न. माझ्या बाबांनीही विचारला होता, "कॉम्प्युटर सोडून हे?" खरं सांगते, माझा पहिला पगार कॉम्प्युटरवाल्या मैत्रिणींपेक्षा बराच कमी होता. पण नोकऱ्या आहेत: राज्याच्या पर्यावरण खात्यात, पाणीपुरवठ्यात, कन्सल्टिंगमध्ये. मुलाला रसायनशास्त्रही आवडतं आणि वादही घालता येतो, तर त्याला अडवू नका.

आणि काकू, तुमच्या डब्यातल्या हळदीबद्दल. 2024 च्या एका अभ्यासात पाटणा, कराची आणि पेशावरच्या काही नमुन्यांत शिसं भरपूर निघालं. नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही. घरात लहान मूल असेल तर डॉक्टरांना रक्तातलं शिसं तपासायला सांगा, बोटातलं थेंबभर रक्त पुरतं. बाकीचे प्रश्न जेवणाच्या रांगेत विचारा, मी मसालेभातापाशी आहे.