बंदुकीचे माप

श्रोतेहो, आमच्या मावळात लांबच्या नेमाचा विषय निघाला की गोष्ट कार्ल्याला जाऊन पोचते. १७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून पुण्याच्या रोखाने निघाली होती. तिच्यात कॅप्टन जेम्स स्टुअर्ट नावाचा धाडसी अधिकारी होता. त्याच्या धिटाईवर मराठेही खूष. त्यांनी त्याला नाव दिले इष्टुर फाकडा. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ तो मराठ्यांच्या माऱ्यात पडला. झाडावर चढून टेहळणी करत असताना त्याला टिपले, असे इकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. कोणी म्हणते तोफेचा गोळा लागला, कोणी म्हणते बंदुकीची गोळी. त्याच महिन्यात इंग्रजांना वडगावचा तह करावा लागला. फाकड्याची समाधी वडगावातच आहे.

ती बंदुकीची गोळी असेल, तर त्यात नेमापेक्षा नशिबाचा वाटा मोठा म्हणावा लागेल. त्या काळच्या बहुतेक बंदुकांची नळी आतून गुळगुळीत असे. शिशाची गोळी नळीपेक्षा जराशी लहान ठेवत, म्हणजे ती ठासायला सोपी जाई. बार उडाला की गोळी नळीत इकडेतिकडे आपटत बाहेर पडे, आणि शेवटचा धक्का बसेल तशी भरकटे. शंभर पावलांपलीकडे एकट्या माणसावर धरलेला नेम भरवशाचा नसे. पुढे नळीला आतून पिळाचे आटे पाडू लागले. गोळी त्यांत घट्ट बसून भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडू लागली, आणि नेम सुधारला. अशी आटे पाडलेली बंदूक म्हणजे रायफल.

नळीच्या आतल्या व्यासाला कॅलिबर म्हणतात. हा शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला खरा, पण त्याचे मूळ बहुधा अरबी ‘कालिब’मध्ये आहे. कालिब म्हणजे साचा. उर्दूत शरीरालाही कालिब म्हणतात. रूह ज्यात मावते तो साचा. मी कवी माणूस. बंदुकीशी माझे नाते असे शब्दांपुरतेच होते. ते पुढे गेले माझ्या भाचीमुळे.

भाची लोणावळ्याहून लोकलने पुण्याला जाते आणि तिथून बालेवाडीच्या रेंजवर सराव करते. सुरुवातीला तिने १० मीटरवर हवेच्या रायफलीने नेम धरला. आता ५० मीटरची तयारी करायची, तर स्वतःची रायफल हवी. किंमत लाखांत. त्यासाठी तिच्या आजीने बांगड्या काढून दिल्या. पण खरे सांगू का, आमच्या घरात पैशापेक्षा ‘बंदूक’ या शब्दाचीच धास्ती जास्त होती. हा शब्द वर्तमानपत्रात आला की आमची नजर आधी आडनावावर जाते. अशा घरात एक मुलगी रायफल मागते आहे, परवान्याचा अर्ज लिहिते आहे, ही साधी गोष्ट नव्हती. म्हणून ठरले, घ्यायची तर नीट समजून घ्यायची.

सल्ले भरपूर मिळाले. एक नातेवाईक म्हणाले, नळी जितकी लांब तितका नेम लांब. दुसरे म्हणाले, बारीक गोळी कसली घेता, थ्री-नॉट-थ्री घ्या. आता .३०३ आणि ७.६२ ही लष्करी मापे आपल्या कायद्याने ‘प्रतिबंधित बोअर’ ठरवली आहेत. सामान्य माणसाला त्यांचा परवाना सहसा मिळत नाही. शेजारी फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि भाचीला एवढेच विचारले, “बेटा, मारायचंय किती लांब?”

“पन्नास मीटर, काका.”

“मग मोठ्या मापाचं काय काम?”

सगळे उत्तर त्या प्रश्नात होते. ५० मीटरच्या स्पर्धेची रायफल पॉइंट टू टू, म्हणजे ५.६ मिलिमीटरची. २०१० साली म्युनिकमध्ये कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जगज्जेतेपद घेतले, ते याच मापावर. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, शिक्षकाच्या घरातला स्वप्नील कुसाळे बालेवाडीत घडला. त्याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ४५१.४ गुणांवर ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले, तेही याच मापावर. १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभ्याने, अशा तिन्ही तऱ्हांनी तिथे नेम धरावा लागतो. पहिल्या फेरीतच ६० गोळ्या. मोठ्या मापाचा धक्का प्रत्येक वेळी खांद्यावर घ्यायचा म्हटला, तर शेवटच्या गोळ्यांपर्यंत हात स्थिर कसा राहणार?

आता वेगाचे पाहा. स्पर्धेची पॉइंट टू टू गोळी मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा जराशी हळू ठेवतात, सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास. आवाजाहून वेगाने निघालेली गोळी मंदावत आवाजाच्या वेगाखाली येते, तेव्हा तिला हिसका बसतो. शिवाय, ऐकून नवल वाटेल, पण या मापात जास्त वेगाची गोळी आडव्या वाऱ्यात जास्त वाहवत जाते, कारण त्या वेगाला हवेचा अडथळाही फार होतो. ताशी १५ किलोमीटरचा आडवा वारा ५० मीटरवर गोळीला दोन सेंटीमीटरहून जास्त ढकलतो. आणि दहा गुणांचे वर्तुळ केवढे? फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचे. तेव्हा तिथे वारा ओळखणारा डोळा नळीपेक्षा मोलाचा.

नळीच्या लांबीचेही तसेच. पॉइंट टू टूच्या काडतुसात दारू चिमूटभर. नळी ४०-४५ सेंटीमीटर झाली की तिचा जोर बहुतेक संपतो. पुढची नळी गोळीला घासून उलट मंद करते. मग स्पर्धकांच्या रायफली एवढ्या लांब का दिसतात? तर पुष्कळदा पुढे एक पोकळ नळकांडे बसवलेले असते. पुढची माशी डोळ्यापासून जितकी दूर, तितकी नेमातली चूक लवकर ध्यानात येते. ती लांबी डोळ्यासाठी असते. तिचा भार मात्र उभ्याने धरलेल्या हातावर येतो.

अंतर वाढले की हिशेब बदलतो. ३०० मीटरच्या स्पर्धेत ८ मिलिमीटरपर्यंतचे माप चालते, तरी पुष्कळ नेमबाज ६ मिलिमीटर पसंत करतात. धक्का कमी, आणि लांबट गोळी हवा चांगली कापते. पाल्मा नावाच्या जुन्या आंतरराष्ट्रीय सामन्यात ८००, ९०० आणि १००० यार्डांवर ७.६२ ची गोळी लागते. हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर. तिथवर गोळीचा वेग आवाजाच्या वर टिकवायचा, म्हणून तिथे नळी ७५ सेंटीमीटरच्या घरात ठेवतात. दारू भरपूर असल्यामुळे लांब नळीत इंचामागे सेकंदाला सहा-सात मीटर वेग वाढतो. पण तेवढी नळी बार उडताना जास्त थरथरते, म्हणून जाड करावी लागते, आणि जाड केली की वजन वाढते. एका बाजूला मिळवावे तर दुसऱ्या बाजूला द्यावे लागते. सगळ्या अंतरांना चालेल अशी एकच रायफल कोणी बनवलेली नाही.

श्रोतेहो, मुलांसाठी काहीही घेताना आपण ‘सगळ्यांत मोठे कोणते’ असे विचारतो. नेमबाजीच्या दुकानात तो प्रश्न महाग पडतो. किती अंतरावर मारायचे, वारा कसा असतो, आणि रायफल कोणाच्या खांद्यावर राहणार, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. माप आणि लांबी आपोआप ठरत जाते. तेच मुलीच्या हातात धरून, तिच्या प्रशिक्षकासमोर, पाहून घ्यावे.

आमच्या घरी तसेच ठरले. पॉइंट टू टू, तिला पेलेल अशी नळी, आणि उरलेल्या पैशांत सरावाच्या गोळ्या. आजीने एकदा ती बारीक गोळी तळहातावर घेऊन पाहिली आणि म्हणाली, “एवढीशीच?” तिची धास्ती त्या दिवशी निम्मी झाली असावी. परवान्याचा अर्ज भाचीने स्वतःच्या अक्षरात भरला. शस्त्र कशासाठी हवे, या रकान्यात तिने एकच शब्द लिहिला: खेळ.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)