दोनशेजणी आणि दोघी

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



‘२०० हल्ला हो’ हा २०२१ सालचा हिंदी चित्रपट तुमच्यापैकी काहीजणींनी पाहिला असेल. दिग्दर्शन सार्थक दासगुप्ता यांचं. अमोल पालेकर आणि रिंकू राजगुरू यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. भर न्यायालयात बायकांचा जमाव एका गुंडाला ठार करतो. असा प्रसंग पडद्यावर आला की टाळ्या पडतात. त्या टाळीला नावं ठेवायला मी इथे उभी नाही. जन्मभर मुकाट सोसलेल्या बाईचे हात वर जाणारच. पण आपण टाळी नेमकी कशाला देतो, हे तपासायला हवं.

चित्रपट बेतला आहे नागपूरच्या कस्तुरबानगरातल्या घटनेवर. १३ ऑगस्ट २००४ रोजी अक्कू यादवला न्यायालयात आणलं होतं. तिखटाची पूड आणि सुऱ्या घेऊन आलेल्या जमावाने त्याला तिथेच संपवलं. वस्तीतल्या बायकांचं सांगणं असं, की बलात्कार, खंडणी, मारहाण हे वर्षानुवर्षं चाललं होतं आणि तक्रार करायला गेलं तर पोलीसच त्याला खबर देत. पुढे धरपकड सुरू झाली तेव्हा ‘आम्हा सगळ्यांना अटक करा’ म्हणत बायका पुढे आल्या. २०१४ साली पुराव्याअभावी आरोपी सुटले.

दलित बाईची तक्रार का घेतली जात नाही, हा प्रश्न चित्रपट टाळत नाही, हे त्याचं मोल आहे. तरी थरारपट म्हटला की लक्षात राहतो तो हल्ला. चौकीच्या पायरीवर ताटकळण्यात थरार नसतो.

आणि ही टाळी नेहमी पीडित बाईच्याच पदरात पडते असं नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ एका तरुण पशुवैद्यक स्त्रीवर बलात्कार करून तिचा खून झाला. ६ डिसेंबरला पोलिसांनी चारही संशयितांना गोळ्या घातल्या. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. ती बेपत्ता असल्याची तक्रार घ्यायला उशीर लावला म्हणून तीन पोलीस निलंबित झाले होते, हे त्या जल्लोषात विसरलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या सिरपूरकर आयोगाने २०२२ साली ती चकमक बनावट ठरवली. म्हणजे आधी दार बंद ठेवायचं आणि नंतर गोळी घालून हार घालून घ्यायचे!

आमच्या वस्तीत हा चित्रपट दाखवला तेव्हा एक बाई म्हणाली, “ताई, त्याला मारायला दोनशेजणी गेल्या. माझ्यासोबत चौकीत यायला दोघी मिळाल्या नव्हत्या.” नवऱ्याच्या भावाविरुद्ध तक्रार द्यायला ती एकटी गेली होती. ‘घरातलं घरात मिटव’ असं सांगून तिला परत पाठवलं होतं.

आपलं काम इथे आहे. हद्द कुठलीही असो, असा गुन्हा नोंदवून घ्यावाच लागतो आणि त्याची प्रत फुकट द्यावी लागते. बलात्काराची तक्रार नोंदवायला नकार देणाऱ्या अधिकाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरीची शिक्षा आहे. २०१३ साली ही तरतूद झाली. आज ती भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ मध्ये आहे. नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवा. तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. अर्जाची नक्कल आणि पोचपावती जपून ठेवा.

कायदा कागदावर आहे; तो चौकीत न्यायला माणसं लागतात. म्हणून प्रत्येक वस्तीत अशा दोघींची नावं आज इथेच ठरवू या. रात्री-अपरात्री हाक आली तरी त्या सोबत जातील, आणि तक्रार लिहून होईपर्यंत तिथून हलणार नाहीत.