बोरिवलीच्या डोंगरातलं पाणी

गटाची सहल शहापूरहून बोरिवलीच्या नॅशनल पार्कला न्यायची ठरली, तर बायका म्हणाल्या, "जंगल बघायला मुंबईला कशाला? ते दारातच आहे की!" तरी गेलो. सोमवारी पार्क बंद असतं, तेवढं ध्यानात ठेवा. आणि फाटकाशी रेंगाळू नका. 6-7 किलोमीटर आत कान्हेरीची लेणी आहेत, तिथं चला. कातळात खोदलेली टाकी, त्यांत पावसाचं पाणी आणणारे पाट. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्या बायकांचीही नावं आहेत बरं का!

आमच्यातली एक टाक्यात वाकून बघत राहिली. तिच्या पाड्यावर उन्हाळ्यात टँकर येतो. म्हणाली, "ताई, आपल्या शाळेच्या पत्र्यावरचं पाणी मग वाहून का जातं?"

पुढच्या बैठकीत पहिला विषय पन्हळीचा आहे.